मुठीची टोपली

“म्या चोरीचं म्हनायलो न्हाई, दादा. पिशवी वळखीची दिसली म्हून इचारलं.”

“तेरी है क्या?”

“माझी न्हाई. पर माझ्या हातून गेल्याली हाय. हे बघा, हितं निळा शिक्का. नगरच्या मिशनाचा. ह्याच्यात गायनाची बुकं आलती आमच्याकडं. रिकामी झाल्यावर म्याच वाड्यात कुनाला तरी दिली.”

इमामभाई खाटकानं पिशवी उजेडाकडं धरून शिक्का न्याहाळला, जसा काही तो त्याला वाचताच येणार होता. मग खांदे उडवून त्यानं पिशवी पाटीत पालथी केली. खडखड करत भाकरीचे वाळलेले तुकडे पडले. काही पिवळे, काही काळपट, काही जाड कडांचे, काही पापडागत पातळ. एका घरच्या चुलीवर असे तुकडे होत नसतात. लिंबाला बांधलेल्या बोकडांनी दावी ताणून माना पुढं केल्या.

शिरूरच्या बाजारात बोकडं बांधायच्या जागेवर हे बोलणं चाललं होतं. चैताचं ऊन टाळूत उतरत होतं. शहादेव बाजाराला आला होता तो घासलेट आणि खडू न्यायला. बोकडांशी त्याचं काही काम नव्हतं. पण निळा शिक्का दिसला आणि पाय तिथंच थांबले. शेजारच्या डाळवाल्यानं ‘इमामभाई’ म्हणून हाक मारली होती, तेवढीच त्या माणसाची ओळख.

“एक बुढ्ढी लाती,” इमामभाई म्हणाला. “उंच हाय. काळी. मंजुळा म्हनत्यात तिला. तिकडं डोंगरातली. दर बाजारी येती. तुकडे देती, जवारी नेती.”

“पैसं न्हाई घेत?”

“पैसे नक्को, जवारी होना. अन् ती बी साफ पायजे. मागं एक डाव खडा निघाला तर दीड कोस चालत वापस आली, खडा हातात धरून. म्या म्हनलं, बुढे, एका खड्यानं तुझं काय दात पडले का? तर म्हनती, माझं न्हाई रे बाबा, आमचा देवाचा मास्तर हाय, ही जवारी त्याच्या मुठीत जाती. त्याला खडा लागला तर?” इमामभाई हसला. “कोन हाय बे हा मास्तर? लई नाजूक दाताचा दिसतो.”

शहादेवनं पाटीतल्या तुकड्यांवरची नजर काढून रस्त्यावर नेली.

“आसंल कुनी,” तो म्हणाला. “मला काय म्हाईत.”

आणि घासलेटाची बाटली सुतळीला लटकवून तो बाजारातून बाहेर पडला. खडू घ्यायचे राहूनच गेले.

*

शहादेव तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. फसली तेराशे पंचवीस, म्हणजे इसवी एकोणीसशे सोळा चाललेलं, मोगलाईचं, म्हणजे निजामाचं राज्य. नगरच्या मिशनात शिकून आलेला, अंगात काळा कोट, डोक्याला पांढरा पटका. शिरूरपासून दीड कोसावर डोंगराच्या कुशीतलं एक गाव त्याच्या वाट्याला आलं होतं. तिथल्या महारवाड्यातली बारा घरं ख्रिस्ती झाली होती. थोरांसाठी नगरचे पाद्रीबाबा तट्टावर बसून तीन महिन्यांनी एकदा यायचे. बाकीचे दिवस सगळा कारभार शहादेवचा, आणि त्यातही त्याला मुद्दाम धाडलं होतं ते तरण्या पोरांसाठी. सकाळी लहानग्यांची शाळा, दुपारी कुणाचं पत्र वाच, कुणाचा अर्ज लिही, सांजेला खडी फोडून आलेल्या, गुरं वळून आलेल्या पोरांना गोळा करून अक्षरं आणि गाणी शिकव. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. त्याच्यासारखा पटकाही बांधायची.

मिशनाकडून येणारं मानधन पोटाला पुरेल असं नव्हतं. म्हणून बारा घरांनी एक रीत धरली होती. बाईनं दळायला दाणे घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. देवाची मूठ म्हणायचे तिला. दर बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, शहादेव टोपली घेऊन दारोदार जायचा आणि “मूठ काढा, माय” म्हणायचा. गाडगी त्याच्या टोपलीत रिकामी व्हायची. त्यातलीच ज्वारी तो भाकरीला वापरी. आणि पाद्रीबाबा आले की प्रभुभोजनाची भाकरही त्याच ज्वारीची भाजली जाई.

याच शहादेवनं पोरांकडून एक नेम घेतला होता. येसकराची भाकर तोंडात घालायची नाही.

येसकरकी ही गावाची चाकरी. वर्षाला एकेका घराकडं पाळी यायची. ज्याच्या घरी पाळी, त्यानं वेशीवर बसायचं, सरकारी माणूस आला की चावडीत वर्दी द्यायची, पाटलाचं घोडं धरायचं, आणि दिवेलागणीला घुंगरांची काठी आपटत घरोघर फिरून “भाकर वाढा, माय” असं म्हणायचं. वरून टाकलेले तुकडे घोंगडीत झेलायचे. तोच रोजगार, तेच जेवण.

शहादेवला त्या घुंगराचा आवाज सहन होत नव्हता. कारण तो त्याच आवाजावर वाढला होता. पाटोद्याकडच्या एका गावात त्याचा बाप कायमचा येसकर होता, तिथं पाळी नव्हती. बाप आला की शहादेव घोंगडी उलगडायचा, आणि चाळीस घरच्या चाळीस चवींतून आपला तुकडा शोधायचा. एखादा मेथीचा, एखादा तेलाचं बोट लागलेला. खरं सांगायचं तर तेव्हा ते जेवण त्याला लई आवडायचं. मोठ्या दुकाळात बाप वेशीवरच बसल्या जागी गेला आणि आईनं पोराला मोगलाईची हद्द ओलांडून नगरला मिशनाच्या दारात नेऊन सोडलं. तिथल्या पोरांना शहादेवनं पहिल्याच आठवड्यात त्या चाळीस चवींची गोष्ट हौसेनं सांगितली. त्यानंतर आठ वर्षं त्याचं नाव ‘तुकड्या’च राह्यलं. पुढं कुणी विचारलं तर तो सांगायचा, बाप चौकीदार होता.

तर असा हा नेम. अकरा पोरांनी हात वर करून घेतला, आणि सगळ्यांत आधी हात वर गेला तो मंजुळाबाईच्या उत्तरेश्वरचा.

अडचण अशी झाली की त्याच वर्षी येसकरकीची पाळी मंजुळाबाईच्या घरी आली. नवरा मरून सहा वर्षं झालेली. उत्तरेश्वरनं काठीला हात लावायला साफ नकार दिला आणि सरकारी सडकेवर खडी फोडायला जाऊ लागला. पाटील अर्जुनरावानं निरोप धाडला, पाळी चुकली तर पाणी भरायचा नदीतला झरा बंद, आणि घराचं छप्पर काढून नेऊ. मग मंजुळाबाईनंच पदर खोचला, काठी उचलली आणि वेशीवर जाऊन बसली. बाई येसकर म्हणून गाव चार दिवस हसलं, मग विसरलं.

शहादेव विसरला नाही. मागच्या आयतवारी, पाद्रीबाबा आलेले, पुनरुत्थानाचा सण नुकताच सरलेला, शेणानं सारवलेल्या त्या लांबट खोलीत डावीकडं बाया, उजवीकडं पुरुष बसलेले. पुढं काशाच्या ताटात भाकरीचे तुकडे, पेल्यात मनुका भिजवलेलं पाणी. गाणं संपलं आणि शहादेव उठला. नगरला शिकलेली शुद्ध भाषा तो अशा वेळी काढायचा, पण रागात असला की जीभ आपली घरचीच वाट धरायची.

“मंजुळाबाई, तुमी गावात भाकर मागता का न्हाई?”

“मागते. आवंदा आमची पाळी हाय.”

“अन् त्या भाकरीचं काय करता?”

तिची नजर पुढच्या ताटाकडं गेली.

“खाता ना?”

मंजुळाबाईनं एकवार पुरुषांच्या बाजूला पाह्यलं. तिथं उत्तरेश्वर मान ताठ करून बसला होता. मग तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला.

“व्हय,” ती म्हणाली. “खाते.”

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, मास्तर, म्हातारं माणूस आहे, राहू द्या. पण थोड्याच वेळापूर्वी त्यांनीच शहादेवची पाठ थोपटली होती, या पोरांत तुम्ही कणा घातलात म्हणून. आता त्याच पोरांच्या बावीस डोळ्यांपुढं मास्तरला मागं फिरता येईना. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. शहादेव ताट घेऊन बायांच्या रांगेतून निघाला. मंजुळाबाईनं सवयीनं ओंजळ पुढं केली होती. त्यानं ताट तसंच पुढच्या बाईपुढं नेलं. ओंजळ जरा वेळ तशीच राह्यली. मग तिनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले, पीठ झाडावं तसे, आणि खाली बघत बसली.

तीन दिवस शहादेवला वाटत होतं की आपण एक अवघड काम नीट पार पाडलं.

*

आता बाजारातून परतताना तो ते ताट पुन्हा पुन्हा बघत होता. ताटातली भाकर मुठीच्या ज्वारीची. त्या मुठीतली एक मूठ मंजुळाबाईची. म्हणजे जी तिला दिली नाही, ती तिचीच होती. आणि मग हिशेब आणखी मागं सरकला. जूनपासून दर बेस्तरवारी तिच्या दारातून घेतलेली मूठ. तिच्या मुठीत खडा निघत नाही म्हणून तो ती ज्वारी न निवडताच दळायचा. एकदा तर तिला म्हणाला होता, “तुमची मूठ म्हंजे येगळीच,” आणि ती नुसती हसली होती.

तुकड्या. नगर सोडून इतकी वर्षं झाली, तरी तुकड्याच. फक्त आता भाकर दुसऱ्यानं मागून, वाळवून, दीड कोस चालून, बदलून, निवडून त्याला घातली होती, आणि त्यानं ती बोटं चाटून खाल्ली होती.

आणि वरून, “मला काय म्हाईत.” ते तर आत्ताचंच. ते बोलायला कुणी गळा धरला नव्हता.

सडकेच्या कडेला खडीचे ढीग लागले. ढिगाआड चार-पाच माणसं उन्हाला पाठ देऊन भाकर सोडत होती.

“मास्तर! अवं मास्तर, या की इकडं,” उत्तरेश्वरनं हाक मारली. शेजारच्याला म्हणाला, “सरक बे, मास्तरला बसू दे.”

न बसावं तर कारण काय सांगणार. शहादेव बसला. उत्तरेश्वरच्या भुवयांत दगडाची पांढरी भुकटी भरली होती, तेवढ्यानंच तो म्हातारा दिसत होता.

“आयतवारचं लई झ्याक केलं, मास्तर,” तो म्हणाला. “पोरं म्हनायची, मास्तर मानूस बघून बोलतो. माझी माय हाय म्हून तुमी सोडलं न्हाई. आता कुनाची टाप न्हाई बोलायची.”

“तुला वाईट वाटलं आसंल.”

“वाईट कशाचं? खोटं बोलल्याचं वाटलं. मला म्हनायची, वाट्याला आलं ते कुत्र्याला टाकते, घरात आनत न्हाई. अन् स्वता खायची. तवापसून म्या तिच्याशी बोलत न्हाई.” त्यानं फडकं सोडलं. “माझ्या पानात मातर तिनं कधी तसलं घातलं न्हाई, हे खरं. खुरपायला जाऊन आनलेल्या दान्याची भाकर हाय ही. घ्या.”

अर्धी भाकर शहादेवच्या हातात आली. पांढरी, गोल, बोटांचे ठसे उठलेली.

खुरपायला, शहादेवच्या मनात आलं. चैतात. सुगी होऊन महिना उलटला, रानं उघडी पडलीत, ढेकळांशिवाय शिवारात काही नाही, आणि ही बाई काय खुरपायला जाते? पोरगं गावातच वाढलेलं. आपणही काही नगरच्या पेठेत जन्मलो नाही. पण दोघांपैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही. भाकर गरम होती, पांढरी होती, आणि नेम मोडत नव्हता, तेवढ्यावर भागलं.

त्यानं घास तोंडात घातला. चावला. गिळायला वेळ लागला.

“खडा लागला का?” उत्तरेश्वरनं विचारलं.

“न्हाई.”

“मायच्या भाकरीत खडा निघत न्हाई कधी,” उत्तरेश्वर म्हणाला. मायवर रुसला होता, तरी हे त्यानं जरा अभिमानानंच सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी बेस्तरवार. शहादेवनं रोजच्यासारखा लिंबाला टांगलेला लोखंडाचा तुकडा बडवला, चौदा पोरं जमली, खडू नव्हते म्हणून त्यानं धुळीतच बोटानं अक्षरं काढून घेतली. पोरं गेली तशी टोपली कोपऱ्यात दिसत असून तिला हात न लावता तो मंजुळाबाईच्या घरी निघाला. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. आयतवारी सगळ्यांपुढं उभं राहायचं आणि एकूण एक सांगायचं. शिक्का, पिशवी, बोकडं, मूठ. बापाचंही सांगायचं. या विचारानं त्याला पहाटे जरा डोळाही लागला होता.

घरामागं धोंडीवर भाकरीचे तुकडे वाळत घातले होते, वर कोंबड्यांसाठी बाभळीची फांदी. मंजुळाबाई पाटीत ज्वारी घेऊन निवडत बसली होती. तिनं त्याला पाह्यलं, त्याची नजर कुठं गेली तेही पाह्यलं, पण हात थांबवला नाही.

“बाजारला गेलता म्हनं.”

“गेलतो.”

“खाटकाकडं दिसलं व्हय.”

“दिसलं.” शहादेव उंबऱ्यापाशी खाली बसला. मंडळीत तो तिला बाई म्हणे, तुमी म्हणे. आता ते तोंडात आलं नाही. “मावशे, तू त्या दिशी खोटं कावून बोललीस?”

“मंग काय सांगू? इकते म्हून सांगू?” तिनं एक खडा बाजूला फेकला. “खाल्ली म्हनलं तर माझी येकटीची शरम. इकली म्हनलं तर समद्यायची. ज्यानं ज्यानं माझी जवारी खाल्ली त्या समद्यायची. पोराची. तुमची. पाद्रीबाबाच्या ताटाची.”

“पर मूठ नसती टाकली तरी चाललं असतं.”

“बारा घरं टाकायची अन् माझंच गाडगं पालथं? अन् देवाच्या मुठीत मागितल्याली भाकर कशी टाकावी? म्हून बदलून आनली. जवारी तर कुन्या कुनब्यानं पिकीवल्याली हाय. मला वाटलं, बदलली म्हंजी चांगली झाली. आता तुमच्या बुकात काय लिव्हलंय ते मला काय कळतं.”

शहादेवच्या बुकात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं जुळवून आणलेलं बोलणं काढलं. “आयतवारी म्या समद्यांपुढं सांगनार हाय. चूक माझी. म्या बी तेच खाल्लं, अन् तुझ्यापुढून ताट नेलं. म्हंजे तुझ्यावरला डाग जाईल.”

आता मात्र मंजुळाबाईचा हात थांबला.

“अन् उत्तरेश्वरनं बी तेच खाल्लं, हे बी सांगनार का?”

शहादेवनं उंबऱ्यापाशी सांडलेला एक दाणा उचलून पाटीत टाकला.

“ते पोरगं दिसभर उन्हात दगड फोडतंय. मुकादम शिव्या देतो, गावातली पोरं चिडवत्यात, पाटील वाकडं बघतो. त्या नेमाचा ताठा हाय त्याला, त्याच्यावर हातोडा उचलतंय. उद्या कळलं की पोटात रोज तीच भाकर गेली, मंग? माझ्याशी बोलत न्हाई, न बोलू दे. जेवतंय तर खरं. जेवन सोडलं तर मी कुठं जाऊ? पाटलाकडं, का तुमच्याकडं?”

“मी समजावीन त्याला.”

“तुमी समजावलंय म्हून तर हितवर आलं.” हे ती रागानं बोलली नाही. पाटीला एक हिसका देऊन तिनं फोल उडवलं. “मास्तर, तुमाला रातभर नीज आली न्हाई, ते डोळ्यावरून दिसायलंय. बोलून टाकलं की तुमाला लागंल नीज. पर तुमच्या मनाचं वझं माझ्या लेकाच्या डोक्यावर देऊ नका.”

शहादेवच्या कानशिलात ऊन चढलं. पहाटेच्या त्या सुखाच्या डुलकीची आता त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली. या बाईच्या डागासाठी म्हणून जे करायला निघालो होतो, ते सगळं आपल्याच झोपेसाठी होतं.

“मंग काय करू म्या?” त्यानं विचारलं. असं तो कुणाला विचारत नसे. लोक त्याला विचारत.

“चुकलो म्हनायचं तर म्हना. तेवढंच म्हना. कावून अन् कसं, ते नका सांगू.”

“कारन न सांगता चुकलो म्हनलं तर पोरं हासतील. म्हनतील, मास्तर भ्याला. पाटलाला भ्याला.”

“हासतील,” मंजुळाबाई म्हणाली. “मला बी हासले.”

बाभळीच्या फांदीखाली एक कोंबडी शिरू पाहत होती. तिनं खडा मारून ती हाकलली.

“आज बेस्तरवार न्हाई का? टोपली कुठाय?”

“मावशे, तुझी मूठ मला…” तो उंबऱ्यापासून उठला. “आता घशाखाली कशी उतरंल?”

“कावून? आतापत्तूर उतरली न्? येगळीच लागती म्हनायचे.” तिच्या डोळ्यांत एक क्षण खट्याळपणा आला आणि गेला. “न्हाई घेतली तर छबुबाई बघंल. मंजुळीच्या दारात टोपली आली न्हाई म्हून वाड्यात फिरवंल. मंग पोरगं इचारंल. जा, टोपली आना.”

शहादेव गेला आणि टोपली घेऊन आला. तेवढ्यात मंजुळाबाई आत गेली होती. तो उघड्या दारापुढं उभा राह्यला, पण ती बाहेर येईना. मग त्याच्या ध्यानात आलं की ती हाकेची वाट बघतेय. दरवेळी जशी बघते तशी. त्यानं घसा खाकरला. बाप गावातल्या पहिल्या दारापुढं असाच थांबायचा, घसा खाकरायचा, काठी जमिनीवर एकदा हलकेच आपटून बघायचा.

“मूठ काढा, माय,” शहादेव म्हणाला.

मंजुळाबाई गाडगं घेऊन आली. टोपलीवर पालथं केलं. बुडाला थाप मारून राहिलेले चार दाणेही पाडले. शहादेव टोपली खाली धरून, मान खाली घालून उभा होता, आणि वरून दाणे पडत होते.

“मावशे,” तो म्हणाला, “पुढल्या वक्ताला पाद्रीबाबा आले की ताट…”

“तवाचं तवा बघू. म्या येईन का न्हाई ते बी तवाच बघू.” आणि ती पुन्हा निवडायला बसली.

*

पुढचं दार छबुबाईचं. वाड्यातली बातमी आधी तिच्या ओसरीवर यायची आणि मग जिथं जायचं तिथं जायची. प्रभुभोजनाची भाकर गेल्या आयतवारी तिनंच भाजली होती, आणि तेव्हापासून तिचा आवाज जरा वर चढला होता.

“मंजुळीच्या दारातून आलाव व्हय, मास्तर? म्या म्हनलं, ताटातून काढली म्हंजी मुठीतून बी काढली आसंल. का मूठ तेवढी चालती?”

आतून तिच्या सुनेचं हसू ऐकू आलं.

शहादेवनं टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आयतवारपर्यंत थांबता आलं असतं. तीन दिवस होते. तीन दिवसांत माणूस पुष्कळ काही नीट बोलायला शिकतो.

“तिला कुनी काढली न्हाई,” तो म्हणाला. “ताट पुढं न्यायला नगं होतं. म्या चुकलो.”

“आं?” छबुबाई दारातून पुढं आली. “चुकलाव? म्हंजी ती खात न्हाई?”

“ते इचारू नका. म्या चुकलो, येवढंच हाय.”

“अन् पाद्रीबाबापुढं येवढं तावातावानं बोललाव ते?”

“ते बी चुकलो.”

“पाटलानं बोलीवलंतं का काय तुमाला चावडीवर?” तिनं आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्या दोन घरांना पुरेल इतकाच ठेवला. “खरं सांगा, मास्तर. काय म्हनला अर्जुनराव?”

“कुनी बोलीवलं न्हाई.”

“मंग असं कसं? काई कारन न्हाई, काई न्हाई, अन् मास्तर चुकला?” तिनं आत तोंड करून सुनेला सांगितलं, “ऐकलंस का गं, मास्तर चुकला म्हनतोय.” मग पुन्हा त्याच्याकडं वळली. “पोरं काय म्हनतील? तो उत्तरेश्वर तर जीव देतो तुमच्यावर.”

सांज व्हायच्या आत हे बोलणं खडीच्या ढिगापर्यंत जाणार होतं. उत्तरेश्वर भुवयांतली भुकटी न पुसता तसाच येणार होता, समोर उभा राहणार होता आणि कावून म्हणून विचारणार होता. आणि त्याला सांगायला शहादेवकडं एक शब्दही असणार नव्हता. कदाचित तो पटका काढून ठेवील. कदाचित मायशी बोलेल, मास्तरशी बोलणार नाही.

“म्हनतील ते म्हनतील,” शहादेव म्हणाला. “मूठ काढा, माय. अजून धा घरं राह्यलीत.”

छबुबाईनं मान हलवत गाडगं आणलं आणि मंजुळाबाईच्या ज्वारीवर आपली ज्वारी ओतली. तिच्यात खडे होते. ते टोपलीत पडताना वेगळे वाजले. शहादेवनं टोपली हलवून दाणे सारखे केले, डोक्यावरचा पटका नीट केला आणि तिसऱ्या दाराकडं निघाला.